मोठ्या वर्गातील वाचन

नववीच्या वर्गात सर्वांच्या हाती एकच पाठ्यपुस्तक असते. परंतु ते वाचण्याची शक्ती सर्वांची सारखी नसते. कोणी पाने सहज उलटतो, तर कोणी एका ओळीत चार वेळा अडखळतो. सन २०२३ मध्ये ग्रामीण भागात झालेल्या ‘असर’ पाहणीत १४ ते १८ वर्षे वयाच्या सुमारे एक चतुर्थांश मुलामुलींना दुसरीच्या पातळीचा उताराही आपल्या प्रादेशिक भाषेत अस्खलित वाचता आला नाही.

अशा मुलास ‘ढ’ म्हणून मोकळे होणे सोपे. पण अडचण बहुधा बुद्धीची नसते. ‘वार्षिक’ हाच शब्द पाहा. डोळ्यांना ‘वा’नंतर आधी वेलांटी दिसते, मग ‘ष’ आणि त्याच्या डोक्यावर रफार. मुखाने मात्र रकार प्रथम, ‘ष’ नंतर व इकार शेवटी उच्चारावा लागतो. सराईत वाचक हा क्रम नकळत लावतो. (बेळगावकडे कन्नडही शिकणाऱ्या मुलांना तोच रफार तेथे अक्षराच्या उजव्या अंगास भेटतो!) अक्षरे जुळविण्यातच सारे लक्ष खर्ची पडले, की वाक्य संपेपर्यंत त्याचा आरंभ विस्मृतीत जातो. मग अर्थ लागत नाही, म्हणून मूल वाचनच टाळू लागते.

यावर पहिलीचे पुस्तक हाती देणे मला रास्त वाटत नाही. पंधरा वर्षांचा मुलगा चिऊकाऊच्या गोष्टीत रमावयाचा नाही. विषय त्याच्या वयाचा हवा, भाषा त्याच्या आवाक्यातील हवी. समजा, मिठाचा सत्याग्रह शिकवावयाचा आहे. शिक्षकांनी प्रथम पाठ स्वतः मोठ्याने वाचावा. नंतर काहींना मूळ पाठ, काहींना त्याच हकीकतीचा दहा सोप्या वाक्यांचा उतारा, तर जलद वाचणाऱ्यांस गांधीजींनी व्हाइसरॉयला लिहिलेले पत्र द्यावे. सन १९३० मध्ये मिठासाठी गांधीजी साबरमतीहून दांडीपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर का चालले, यावरील चर्चा मात्र साऱ्या वर्गाची एकच असावी. तेथे अडखळत वाचणाराही हिरिरीने बोलू शकतो.

तो छोटा उतारा पुढे तीन-चार दिवस पुन्हा पुन्हा वाचावा. फेरवाचनाची ही रीत सॅम्युएल्स या अमेरिकन अभ्यासकाने १९७९ साली मांडली. हा सराव एखाद्या सोबत्यापुढे व्हावा. भर वर्गात आळीपाळीने उभे करून वाचावयास लावण्याची चाल येथे घातक ठरते. आपली पाळी केव्हा येते या धास्तीतच तास निघून जातो. त्यापेक्षा घरी आजीला वृत्तपत्रातील क्रिकेटची बातमी वाचून दाखवावी. आजीला बातमी हवी असते. चुका मोजण्यास तिला सवड नसते.