हद्दीपासून किती जागा सोडावी?

घर बांधायला काढले की मालकाच्या कपाळाला पहिली आठी पडते ती नकाशा मंजूर करून घेताना. पदरचे पैसे मोजून घेतलेल्या जागेत समोर इतके, बाजूला इतके आणि मागे इतके मीटर मोकळे सोडा, असे नियम सांगतो. या मोकळ्या पट्ट्याला ‘सामासिक अंतर’ म्हणतात. वहीच्या पानाला समास असतो ना, तसाच हा जमिनीचा समास! “जागा आमची, मग ती मोकळी का सोडायची?” हा मालकाचा प्रश्न काही गैर नाही. त्याचे उत्तर मात्र कायद्याच्या पुस्तकाइतकेच भूमितीच्या पुस्तकातही आहे.

शिरूरचेच उदाहरण घेऊ. शिरूरचा अक्षांश सुमारे १८.८ अंश उत्तर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २३.४ अंशांवर असतो. म्हणून त्या दिवशी मध्यान्हीला शिरूरच्या आकाशात त्याचा उन्नत कोन ९० − १८.८ − २३.४, म्हणजे सुमारे ४७.८ अंश भरतो. या कोनाचा टॅन साधारण १.१ आहे. तेव्हा ७ मीटर उंचीच्या दुमजली घराची सावली उत्तरेकडे ७ ÷ १.१, म्हणजे जवळजवळ ६.४ मीटर पडेल.

आता समजा, दोन शेजाऱ्यांनी प्रत्येकी दीड मीटर जागा सोडली आहे. भिंतींमधले अंतर झाले ३ मीटर. दक्षिणेच्या घराची सावली उत्तरेच्या घरावर ७ − (३ × १.१), म्हणजे ३.७ मीटर उंचीपर्यंत चढेल. ऐन दुपारीही तळमजल्याच्या खिडकीला ऊन मिळणार नाही. माडीवर मात्र ते पोचेल. जूनमध्ये सूर्य शिरूरच्या माथ्याच्या किंचित उत्तरेला जातो, त्यामुळे मध्यान्हीची सावली दक्षिणेला आणि जेमतेम अर्धा मीटर पडते. म्हणजे ऊन नको असते तेव्हा सावली तोकडी, आणि थंडीत ऊन हवे असते तेव्हा ती लांब!

ऊन नसले म्हणून अगदी अंधार होत नाही, कारण हवेतील रेणूंमुळे प्रकाश विखुरला जातो आणि सारे आभाळच दिवा बनते. खिडकीतून या दिव्याचा जेवढा भाग दिसेल, तेवढा उजेड आत येणार. समोरची भिंत लांबलचक आहे, तिच्यावरून प्रकाश परावर्तित होत नाही आणि आभाळ सगळीकडे सारखेच उजळ आहे, असे धरू. मग भिंतीच्या माथ्याचा उन्नत कोन θ असेल, तर उघड्या माळावरच्या खिडकीच्या तुलनेत आपल्या खिडकीला १ − साइन θ इतकाच उजेड मिळतो.

खिडकीचा मध्य जमिनीपासून २ मीटरवर आहे, म्हणजे ७ मीटरची भिंत त्याच्यावर ५ मीटर उरते. आता हिशेब करा :

भिंतींमधले अंतर ६ मीटर : कोन सुमारे ४० अंश, उजेड ३६ टक्के.
अंतर ३ मीटर : कोन सुमारे ५९ अंश, उजेड १४ टक्के.
अंतर १.५ मीटर : कोन सुमारे ७३ अंश, उजेड अवघा ४ टक्के.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. तुम्ही नियमाप्रमाणे दीड मीटर सोडले आणि शेजाऱ्याने हद्दीवरच भिंत उभी केली, की उजेड १४ वरून ४ टक्क्यांवर येतो. भरदुपारी दिवा लावून अभ्यासाला बसावे लागते ते तुमच्या घरातल्या मुलांना. आपला उजेड शेजाऱ्याच्या समासात असतो आणि शेजाऱ्याचा आपल्या!

हे गणित मुंबईने फार मोठी किंमत देऊन शिकले. १८९६ मध्ये तेथे प्लेगची साथ आली आणि दाटीवाटीच्या चाळींत तिने हाहाकार माजवला. १८९८ मध्ये ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात ६३.५ अंशांच्या तिरक्या रेषेचा नियम होता. तोच ट्रस्टने उचलला. या कोनाचा टॅन जवळजवळ बरोबर २ येतो. म्हणजे इमारत जितकी उंच, तिच्या निम्मी जागा मोकळी हवी. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी या नियमाचा हिरिरीने पुरस्कार केला. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्येच दाखवून दिले होते. तेव्हा नुसत्या उजेडाने तो हटणार नव्हता. पण क्षयाचे जंतू उन्हात मरतात आणि खेळत्या हवेने त्यांचा फैलाव कमी होतो, म्हणून नियमाचे मोल टिकून राहिले.

मग जुन्या गावठाणात भिंतीला भिंत लागून वाडे कसे उभे राहिले? त्यांनी समास बाहेर न ठेवता आत ठेवला. वाड्याचा चौक म्हणजे घरातले स्वतःचे आभाळच. चौक बुजवून खोल्या काढल्या, की त्याच वाड्यात काळोख आणि ओल येते.

१८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानुसार, एखाद्या इमारतीने वीस वर्षे निर्वेधपणे व हक्काने उपभोगलेला उजेड आणि हवा हा तिचा हक्क होऊ शकतो. परंतु नव्या वसाहतीतल्या घराने वीस वर्षे कोठून आणायची? तेथे सामासिक अंतराचाच आधार. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत उंच इमारतींसाठी, किमान-कमाल मर्यादा सांभाळून, उंचीच्या पाचव्या हिश्शाचे सूत्र आहे. सारख्याच उंचीच्या दोन शेजारी इमारतींनी केवळ या सूत्राइतके अंतर ठेवले, तर जमिनीलगतचा कोन किती होईल? टॅन θ = २.५, म्हणजे सुमारे ६८ अंश. जुन्या मुंबईच्या ६३.५ अंशांहून अधिक! जागेची टंचाई आणि उजेडाची गरज यांच्यातली ही तडजोड आहे.

आता एक प्रयोग करा. कोनमापकाच्या सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवा आणि मध्यबिंदूतून ओळंब्यासारखा वजन बांधलेला दोरा सोडा. वर्गातल्या खिडकीच्या मध्याशी उभे राहून नळीतून समोरच्या भिंतीचा माथा पाहा. (सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका.) दोरा ९० च्या खुणेपासून जितके अंश सरकेल, तोच उन्नत कोन. त्यावरून १ − साइन θ काढा. उत्तर फारच लहान आले, तर समोरच्या भिंतीला चुन्याची सफेदी देता येईल का, हे गुरुजींना विचारा. भिंत मागे सरकवता येत नसली, तरी तिला आरसा नाही, पण निदान कागदाइतकी पांढरी तरी करता येते!