गाडीचा हिटर थंड हवा फेकतो तेव्हा

नागपूरच्या उन्हात वाढलेल्या माणसाला हिटरचे काय कौतुक? आम्हालाही नव्हते. गाडीतले ते निळे-लाल बटण आम्ही कायम निळ्याकडेच ठेवत आलो. पण जानेवारी २०२४ मध्ये भाच्याची जुनी पेट्रोल गाडी घेऊन सहकुटुंब पचमढीला निघालो. छिंदवाडा मागे टाकून तामियाच्या घाटाला लागलो, तोच पहाटेच्या धुक्यात समोरची काच आतून पांढरी झाली. बटण लालकडे फिरवले. पंखा जोरात चालला, पण हवा गारच! पाच जणांचा श्वास काचेवर साचत होता, सौ. रुमालाने पुसत होत्या आणि समोरून ट्रक येत होते.

चहाच्या टपरीवर एका भल्या माणसाने सल्ला दिला की, घमेल्यात निखारे घेऊन गाडीत ठेवा, पोरगी कुडकुडते आहे. वाचकहो, असे कदापि करू नका. बंद गाडीत निखाऱ्यांचा कार्बन मोनॉक्साइड वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि झोपलेला माणूस झोपेतच जातो.

पुढच्या गावातल्या मिस्त्रींनी आधी इंजिन थंड होऊ दिले, मगच रेडिएटरचे झाकण उघडले. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडले तर उकळते पाणी दाबाने थेट तोंडावर येते. आत पाहतो तर कूलंट बरेच उतरलेले! एका रबरी पाइपाची पट्टी ढिली होऊन ते थेंबथेंब गळत होते.

मिस्त्रींनी समजावले ते असे. पेट्रोल-डिझेलच्या गाडीत हिटरला वेगळी शेगडी नसते. इंजिन थंड ठेवणारे तेच गरम पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या जाळीतून फिरते आणि पंखा त्या जाळीवरून हवा ढकलतो. पाणी कमी झाले किंवा मध्ये हवेचा बुडबुडा अडकला, की जाळी थंडच राहते. म्हणजे आम्ही ज्याला हिटरचा बिघाड समजत होतो, ती इंजिनाची तक्रार होती. तसेच दामटले असते तर हेड गॅस्केट जळून भाच्यासमोर उभे राहण्याची सोय उरली नसती.

पाणी पुरेसे असूनही हवा गार असेल तर काट्याकडे पाहावे. अर्धा तास चालवूनही काटा खालीच रेंगाळत असेल, तर बहुधा थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो. काटा ठीक असेल, तर हिटरकडे जाणारे दोन पाइप जपून चाचपावेत. एक गरम आणि दुसरा गार लागला, तर जाळी गाळाने तुंबलेली असू शकते किंवा पाण्याची वाट सोडणारा व्हॉल्व्ह उघडत नसतो. दोन्ही गरम असतील, तर आतली हवेची झडप फिरत नसावी. पंखाच मुका असेल, तर आधी फ्यूज. आणि गाडीत गोडसर वास येऊन पायाखालची चटई ओली लागली, तर जाळीच फुटली म्हणायची.

मिस्त्रींनी पट्टी आवळली, कूलंट भरले, इंजिन चालू ठेवून हवा काढली. आमच्या कारकुनी वहीत हा खर्च प्रवासातील सर्वांत लहान आकडा म्हणून नोंदला आहे. नुसते नळाचे पाणी वर्षानुवर्षे घातल्याने आत गंज धरतो, असे त्यांनी बजावले. ते आमच्याकडून झालेले होतेच.

उरलेला कूलंटचा डबा घरी आणून माळ्यावर ठेवला आहे. तो चवीला गोड आणि पोटात गेला तर विषारी असतो. आणि आमच्या घरी लहान मुले फार.