वायर लावली, तरी नेट नाही?

पावसात लोकल रखडली की विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत अनेकांचे ऑफिस घरच्या टेबलावर येते. वाय-फाय दगा देते म्हणून लॅपटॉपला लॅनची वायर जोडावी, तर कोपऱ्यात ‘इंटरनेट नाही’! मग केबलवाल्याला फोन, नाहीतर लॅपटॉप फॉरमॅट करायला दुकानात. बहुतेक वेळा दोन्हीची गरज नसते.

आधी वायरच्या पोर्टजवळचा छोटा दिवा पाहा. लॅपटॉपवर नसेल, तर राउटरवर असतो. तो विझलेला असेल, तर दोष बहुधा वायर, प्लग किंवा पोर्टचा असतो. प्लगवरची प्लास्टिकची क्लिप तुटली की तो किंचित मागे सरकतो आणि आतल्या पिना टेकत नाहीत. दुसरे पोर्ट वापरून पाहा, मग दुसरी वायर. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कळतच नाही.

दिवा लागतोय, पण नेट नाही? सेटिंग्जमध्ये इथरनेटखाली आयपी पत्ता पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरने पत्ता दिलेला नाही. लॅपटॉपने स्वतःच तात्पुरता घेतला आहे. राउटर बंद करून पुन्हा सुरू करा. पत्ता ठीक असेल, तर त्याच राउटरच्या वाय-फायवर मोबाइल चालतो का बघा. तोही चालत नसेल, तर केबलवाल्याला खुशाल फोन करा. चालत असेल, तर लॅपटॉपमध्ये ऑफिसचे व्हीपीएन किंवा जुना ठरावीक पत्ता राहिला आहे का, ते तपासा.

नेट आहे, पण संथ, हा प्रकार फसवा. वायरीत पिळलेल्या तारांच्या चार जोड्या असतात. हा पीळ बाहेरचा विद्युत गोंगाट रोखतो. ग्रॅहम बेलने त्याचे पेटंट १८८१ मध्येच घेतले होते. १००० एमबीपीएसला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात. त्यामुळे एखादी तार तुटली तरी अनेकदा जोडणी टिकते, फक्त वेग १०० वर येतो. दमट हवेत पिना गंजूनही असे होते.

विजा कडाडत असताना मात्र वायरीला हात लावू नका. ढग जमू लागताच ती आणि राउटरचा प्लग काढून ठेवा. गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या वायरीतून विजेचा झटका थेट लॅपटॉपच्या पोर्टात उतरू शकतो. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण राउटरपासून लॅपटॉपपर्यंतची वायर तिथेही तांब्याचीच असते, आणि राउटरचा प्लग भिंतीतल्या सॉकेटमध्येच.