ओतीव ब्लॉक, घडीव क्रँकशाफ्ट

इंजिनाचा सिलिंडर ब्लॉक अनेकदा बिडाचा असतो आणि तो साच्यात ओतून तयार होतो. त्याच ब्लॉकच्या पोटात फिरणारा क्रँकशाफ्ट, निदान अवजड डिझेल इंजिनात, पोलाद ठोकून घडवलेला असतो.

ब्लॉकमध्ये पाणी खेळवण्यासाठी वाकड्यातिकड्या वाटा लागतात. त्या ठोकून करता येत नाहीत. ओतकामात आधी पॅटर्न, म्हणजे नगाच्या आकाराचा नमुना, बनतो. निवताना बीड सुमारे 1 टक्का आकसते, म्हणून तो नगापेक्षा किंचित मोठा ठेवतात. त्याच्याभोवती वाळू, बेंटोनाइट माती आणि थोडे पाणी यांचे मिश्रण पेटीत ठासतात. पॅटर्न काढून घेतल्यावर, जिथे पोकळी हवी तिथे वाळूचेच कोअर बसवतात आणि साधारण 1350 ते 1400 अंश सेल्सिअस तापलेला रस आत सोडतात. खरी कसोटी पुढे असते. जाड भाग सर्वांत शेवटी थिजतो. त्या वेळी त्याला रस कमी पडला तर आत पोकळी राहते. म्हणून शेजारी रायझर हा रसाचा साठा ठेवावा लागतो. वाळूत ओल जास्त झाली तर वायूचे फुगे धातूत अडकतात. बाहेरून निर्दोष वाटणाऱ्या नगाचे खरे रूप अनेकदा मशीनवर चढल्यावरच उघडे पडते. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांना हा छळ चांगलाच परिचयाचा आहे.

साध्या बिडात ग्रॅफाइटच्या पातळ पापड्या असतात. त्या कंपने जिरवतात, पण धातू ताणला गेला की तडा तिथूनच सुरू होतो. क्रँकशाफ्टला तर मिनिटाला हजारो वेळा पीळ आणि वाक सोसायचा असतो.

म्हणून पोलादाचा दांडा न वितळवता सुमारे 1200 अंशांपर्यंत तापवतात आणि दोन डायमध्ये, म्हणजे साच्यांच्या दोन अर्धांमध्ये, ठेवून हातोडा किंवा प्रेसने दाबतात. पुण्याच्या मुंढव्यातील भारत फोर्जची ओळख याच कामाची. दाबाखाली धातूच्या आतले तंतू लाकडातल्या रेषांसारखे आकाराबरोबर वळतात, मध्येच तुटत नाहीत. डायबाहेर आलेली कड छाटली जाते. मग उष्णोपचार आणि कातकाम. डाय महाग असल्याने मोजक्या नगांसाठी ही पद्धत परवडत नाही.

ही विभागणी अगदी पक्की मात्र नाही. वितळलेल्या बिडात थोडे मॅग्नेशियम मिसळले की ग्रॅफाइट पापड्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात जमते आणि बीड चिवट होते. 1940च्या दशकात हा शोध लागल्यानंतर अनेक मोटारींचे क्रँकशाफ्टही ओतून होऊ लागले.