मॉनिटर घेताय? आधी अनुस्वार बघा!

नवा लॅपटॉप घरात आला की पहिले आठ-पंधरा दिवस कौतुकात जातात. मग मान बोलायला लागते. टीचभर पडद्यावर एका बाजूला एक्सेल, दुसऱ्या बाजूला ईमेल, कोपऱ्यात व्हिडिओ कॉल, आणि आपण खाली मान घालून दिवसभर त्यात डोकावतोय! शेवटी ठरतं, टेबलावर मोठा मॉनिटर हवाच. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जा नाहीतर मोबाइलवर शोधा, समोर आकड्यांची जत्रा भरते: २७ इंच, फोर-के, १४४ हर्ट्झ, आयपीएस. या आकड्यांमागे एकेक गंमत आहे. ती कळली की निवड निम्म्यानं सोपी होते.

१. इंच तिरके मोजतात

पडद्याचं माप म्हणजे त्याची रुंदी नव्हे. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं ते तिरकं अंतर. त्यामुळे इंच थोडे वाढले तरी जागा भराभर वाढते. १५.६ इंची लॅपटॉपशेजारी २७ इंची मॉनिटर ठेवा. आकडा दुप्पटही नाही, पण एकाच घडणीचे पडदे असतील तर क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट! २४ वरून २७ वर गेलात तरी पडदा सव्वापट होतो. २७ इंची पडदा साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो आणि तो हातभर लांब ठेवायचा असतो. म्हणून दुकानात जाण्याआधी घरच्या टेबलाला टेप लावून बघा.

२. कणीक तेवढीच, पोळी मोठी

फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके (पिक्सेल) असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. पडदा २४ इंची असो की २७ इंची, ठिपके तेवढेच. तेवढ्याच कणकेची पोळी मोठी लाटली की ती पातळ होणारच! २४ इंची फुल एचडीवर एका इंचात सुमारे ९२ ठिपके बसतात, २७ इंचीवर ८२. अक्षरं मोठी दिसतात, पण एक्सेलचा एक रकानाही जास्त मावत नाही. २७ इंच घ्यायचा तर क्यूएचडी, म्हणजे २५६० बाय १४४० घ्या. इंचाला १०९ ठिपके मिळतात. फोर-के घेतलात तर १६३.

३. पडद्याचं मूळ गाजरात

१८८८ साली प्रागमध्ये फ्रीडरिश राइनित्झर नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगाचा अभ्यास करत होते. ते संयुग दोनदा वितळलं! १४५.५ अंश सेल्सिअसला त्याचा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो द्रव एकदम नितळ झाला. वाहतो द्रवासारखा, पण आतली शिस्त स्फटिकाची. हाच तो द्रवस्फटिक, एलसीडीमधला ‘एलसी’. या शोधानंतर बरोबर ८० वर्षांनी, १९६८ मध्ये, अमेरिकेतल्या आरसीए कंपनीत जॉर्ज हाइलमायर यांच्या चमूनं त्यापासून केलेला पडदा जगाला दाखवला.

४. ‘एलईडी’ म्हणतात तोही एलसीडीच

द्रवस्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. खिडकीच्या झडपांसारखे ते मागून येणारा प्रकाश अडवतात किंवा सोडतात. डब्यावर ‘एलईडी मॉनिटर’ लिहिलेलं असतं तेव्हा एलईडी असतो तो मागचा दिवा, पडदा एलसीडीच. निळ्या एलईडीमुळे पांढरा दिवा शक्य झाला आणि त्यासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. खरेदीपुरतं एवढं लक्षात ठेवा: आयपीएस पडद्यावर बाजूनं पाहिलं तरी रंग टिकतात, व्हीए पडद्यावर काळा रंग जास्त गडद दिसतो. दोघं-तिघं मिळून पडदा बघणार असाल तर आयपीएस. ओएलईडीची जात मात्र वेगळी, तिथं प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो.

५. १६:९ कुठून आलं?

जुन्या टीव्हीचा पडदा ४:३ होता, सिनेमाचे पडदे तऱ्हेतऱ्हेचे. १९८० च्या दशकात केर्न्स पॉवर्स या अमेरिकन अभियंत्यानं या सगळ्या घडणींचे सारख्याच क्षेत्रफळाचे आयत काढले आणि एकमेकांवर ठेवले. सगळे आयत ज्या चौकटीत मावतात, तिची घडण निघाली साधारण १.७७. सगळ्यांमध्ये मिळून जो समाईक भाग उरतो, त्याची घडणही तीच! तेच आपलं १६:९. आणखी एक मौज: ४ चा वर्ग १६ आणि ३ चा वर्ग ९.

हल्ली बरेच नवे लॅपटॉप १६:१० असतात आणि मॉनिटर बहुतेक १६:९. दोन्हीकडे तेच चित्र ठेवलं तर कुठंतरी काळ्या पट्ट्या येऊ शकतात. विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबा, ‘एक्स्टेंड’ निवडा. दोन पडद्यांचं एकच मोठं अंगण होतं.

६. ३४ आणि २७ उंचीला सारखेच

३४ इंची अल्ट्रावाइड ऐकायला भव्य वाटतो. पण तो आणि २७ इंची साधा मॉनिटर शेजारी ठेवा: दोघांची उंची सुमारे साडेतेहतीस सेंटिमीटर! वाढते ती फक्त रुंदी, ६० वरून ८० सेंटिमीटर. व्हिडिओ संपादनाची लांबलचक पट्टी किंवा शेजारी-शेजारी तीन खिडक्या ज्यांना लागतात त्यांनी तो जरूर घ्यावा. लांब लेख वाचणाऱ्यांना मात्र रुंदीपेक्षा उंची कामाची.

७. तीन सेकंदांत एक डीव्हीडी

६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र नव्यानं काढायचं. फोर-केचे ८२ लाख ९४ हजार ४०० ठिपके, प्रत्येकाला रंगाचे २४ बिट, गुणिले ६०. हिशेब येतो सेकंदाला सुमारे १२ अब्ज बिट, म्हणजे जवळजवळ दीड जीबी. ४.७ जीबीची डीव्हीडी तीन-सव्वातीन सेकंदांत भरेल एवढा लोंढा त्या बारक्या वायरीतून वाहतो! एचडीएमआय १.४ च्या जोडणीतून फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. मग माउसचा बाण अडखळत पळतो आणि बोल मॉनिटरला लागतो. ६० साठी लॅपटॉपच्या पोर्टपासून केबलपर्यंत सगळं किमान २.० च्या तोडीचं हवं.

८. वायरीचं नातं बडोद्याशी

यूएसबीच्या जन्मात मोठा वाटा असलेले इंटेलचे अभियंते अजय भट्ट बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यातून दत्तक गेलेल्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचं हे विद्यापीठ. पहिलं यूएसबी आलं १९९६ मध्ये. २०१४ चं यूएसबी-सी हे त्याचंच पुढचं रूप: २४ पिना, सुलट घाला की उलट, बसणारच. सगळं जुळलं तर एकच वायर लॅपटॉपचं चित्र मॉनिटरवर नेते आणि लॅपटॉप चार्जही करते.

पण सारख्या दिसणाऱ्या प्रत्येक सी-पोर्टमधून चित्र जातंच असं नाही. थंडरबोल्टचं विजेचं चिन्ह असेल तर जातं. नसेल तर लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’ हा शब्द शोधा. आणि मॉनिटर किती वॅट पुरवतो ते तुमच्या चार्जरवरच्या आकड्याशी ताडून बघा.

९. एक की दोन? लॅपटॉपला विचारा

दोन मॉनिटर घेण्याचा विचार आहे? ॲपलच्या एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअर अधिकृतपणे एकच बाहेरचा मॉनिटर चालवतात. एम३ ची दोन चालवते, पण झाकण मिटल्यावर. २०२५ ची एम४ झाकण उघडं ठेवूनही दोन चालवते. नाव तेच, क्षमता वेगळी!

१०. पाठीवरची चार भोकं

मॉनिटर पाठमोरा करा. चौकोनात चार भोकं दिसली तर तो भिंतीवर किंवा हलत्या हातावर बसवता येतो. दोन भोकांमधलं अंतर बहुधा ७५ किंवा १०० मिलिमीटर असतं, कारण व्हेसा या संस्थेनं ते ठरवून दिलंय. स्वस्त मॉनिटरना कधी कधी ही भोकंच नसतात. हातावर बसवला की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणता येते आणि मानेचं गाऱ्हाणं मिटतं. शिवाय पडदा उभाही करता येतो. ही युक्ती नवी नाही: १९७३ च्या झेरॉक्स आल्टो संगणकाचा पडदा कागदासारखा उभाच होता, ६०६ बाय ८०८ ठिपक्यांचा.

११. आणि आता अनुस्वार

देवनागरी तीन मजली लिपी आहे. मधे अक्षर, वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. एवढा संसार तेवढ्याच उंचीत बसवायचा म्हणजे बारीक टाइपात अनुस्वाराच्या वाट्याला जेमतेम एक-दोन ठिपके येतात. म्हणून खरेदीला जाताना लॅपटॉप आणि मराठी मजकुराचं एक पान सोबत न्या. त्यात ‘राष्ट्र’, ‘वाङ्मय’, ‘वैशिष्ट्ये’ असे शब्द असू द्या. पान पांढऱ्या पडद्यावर उघडा, टाइप रोजच्यासारखा बारीक ठेवा, हातभर मागं सरा आणि सावकाश वाचा.

पडद्यावरचा मेलेला पिक्सेलही याच परीक्षेत सापडतो. पांढऱ्या पानावर तो काळा ठिपका होऊन बसतो आणि नेमका ‘नदी’च्या न वर आला तर नदीचा नंदी करून टाकतो! एक-दोन पिक्सेलसाठी बऱ्याच कंपन्या पडदा बदलून देत नाहीत, तेव्हा वॉरंटीतली ती ओळ आधी वाचा.

डब्यावरचे इंच आणि हर्ट्झ सगळ्या जगासाठी छापलेले असतात. आपली भाषा आपल्याला रोज आठ-दहा तास वाचायची असते. ज्या पडद्यावर हातभर अंतरावरून, डोळे न ताणता, नदी नदीसारखी आणि नंदी नंदीसारखा दिसतो, तो मॉनिटर आपला.