केमोला दाद न देणारा मांजरांचा लिम्फोमा

दारातल्या कुंडीत बारमाही फुलणाऱ्या सदाफुलीपासून व्हिनक्रिस्टीन मिळतं. मांजराला लिम्फोमा झाला की पशुवैद्य सुरुवातीला वापरतात त्या औषधांपैकी हे एक. जोडीला सायक्लोफॉस्फमाइड आणि प्रेडनिसोलोन, कधी डॉक्सोरुबिसिनही. लिम्फोसाइट पेशींचा हा कॅन्सर त्यामुळे बऱ्याच मांजरांत काही महिने माघार घेतो. मग एके दिवशी औषध तेच, डोस तोच, पण गाठ पुन्हा वाढू लागते.

याचं एक कारण पेशीच्या आवरणात आहे. पी-ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन, होडीतलं पाणी उपसावं तसं, आत शिरलेलं औषध बाहेर टाकतं. ज्या पेशींत हे प्रथिन भरपूर, त्या वाचतात आणि पुढे वाढतात त्याच. व्हिनक्रिस्टीन आणि डॉक्सोरुबिसिन दोन्ही त्याच्या तावडीत सापडतात.

दुसऱ्या फळीतलं लोमुस्टीन मात्र त्या तावडीत सहसा सापडत नाही. ते थेट डीएनएवर घाव घालतं, आणि तोंडाने, काही आठवड्यांतून एकदाच द्यायचं असल्याने शीर शोधण्याची झटापटही टळते. पण ते अस्थिमज्जेला जड जातं. मांजरांत पांढऱ्या पेशी कधी उशिरा घसरतात आणि सावरायला वेळ घेतात. डोस वाढत गेले की प्लेटलेटही कमी होतात. त्यामुळे पुढचा डोस रक्ताचा रिपोर्ट पाहूनच ठरवायचा. माणसांसाठीची कॅप्सूल घरी फोडून वाटून देणं तर सर्वस्वी चूक. ती भुकटी घरातल्यांनाही घातक असते.

ॲस्परॅजिनेजची तऱ्हा निराळी. लिम्फोमाच्या पेशींना ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल स्वतः पुरेसं बनवता येत नाही. हे एन्झाइम रक्तातला साठाच तोडतं. कुत्र्यांत त्याचा प्रभाव चांगला, मांजरांत मात्र कमी आणि अल्पकाळाचा.

आतड्यातला संथ, लहान पेशींचा लिम्फोमा क्लोरॅम्ब्युसिलवर बहुधा दीर्घकाळ आटोक्यात राहतो, आणि ते लागू पडेनासं झालं तर सायक्लोफॉस्फमाइडचा पर्याय उरतो. नाकात किंवा पोटात एका जागी असलेल्या रोगावर रेडिएशनही उपयोगी पडतं, अर्थात जिथे सोय आहे तिथे. माणसांची औषधं मात्र सरसकट उसनी घेता येत नाहीत. सिस्प्लॅटिनने मांजराच्या फुप्फुसात पाणी भरून मृत्यू ओढवतो.

या दुसऱ्या फळीतून मिळणारा काळ बहुधा आठवड्यांत किंवा थोड्या महिन्यांत मोजावा लागतो. म्हणून केमो थांबवून, नुसत्या प्रेडनिसोलोनवर मांजराला खातंपितं ठेवणं हाही माझ्या मते रीतसर उपचारच आहे, हार नव्हे.

मांजर वारंवार ओकत असेल, वजन उतरत असेल, तर निदानाआधी स्टेरॉइड सुरू करण्याची घाई करू नका. त्याने बायोप्सीत रोग लपू शकतो आणि सरावलेल्या पेशी पुढच्या केमोलाही कमी दाद देण्याचा धोका असतो. आधी नमुना घेऊ द्या, गोळी नंतर.