माळ्यावरचे कान

पेणहून रोह्याकडे जाताना गावागावांत कुलूप लागलेली कौलारू घरं दिसतात. त्यातल्या एखाद्याबद्दल शेजारी आवाज खाली आणून सांगतात, "तिथं समंध आहे." समंध म्हणजे मालमत्तेत जीव अडकलेलं भूत. बाप-लेकाचं बोलणं तुटतं तेही पुष्कळदा घर-जमिनीवरूनच. अशी दुरावलेली दोघं एका रात्रीसाठी त्या घरात आली असं समजा. बाप साठीचा, मुलगा पंचविशीचा.

"बाबा, वर कुणीतरी फुत्कारतंय."

"काही नाही. भास झाला तुला."

जुनं भांडण पेटायला एवढं पुरे. पण दोघंही खरंच बोलतायत, आणि मला याचंच नवल वाटतं.

आपल्या प्रत्येक कानात, आतल्या वळणदार नळीत, आवाज टिपणाऱ्या जेमतेम १५-१६ हजार केशपेशी असतात. तेवढ्यावर जन्म काढायचा, कारण गेलेली पेशी पुन्हा येत नाही. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशीच बसलेल्या. उंबरठा आधी झिजावा तशा त्याच आधी झिजतात. त्यामुळे साठीच्या माणसाला बोलणं कळतं, पण बारीक, तीव्र आवाज हळूहळू हरवत जातात. डोळ्यांचंही तसंच. विशीच्या मानाने साठीत दृष्टिपटलापर्यंत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. एकाच माजघरात उभ्या असलेल्या त्या दोघांची घरं वेगळी असतात.

बापाजवळ मात्र दुसरी शिदोरी आहे. तुळईचा 'कट्ट' आवाज झाला की पोराच्या छातीत धस्स होतं, बाप मान वर करत नाही. दिवसभर कौलांखाली तापलेलं लाकूड रात्री आकसतं, सांधा अडून राहतो आणि एकदम सरकतो. पावसाळ्यात लाकूड ओल पितं ते आडवं फुगतं, लांबीला जवळजवळ नाही. म्हणून श्रावणात घट्ट बसलेलं दार पुढे कोरड्या हवेत आपोआप उघडतं. कौलांवरून माणसासारखी पावलं वाजवत जातं ते उदमांजर. हे सगळं बापाला लहानपणापासून पाठ.

राहिला तो फुत्कार. पेणच्या खारेपाटात आणि कुंडलिकेकाठच्या भातशेतीत उंदरांना तोटा नाही. बंद घराचा माळा गव्हाणी घुबडाला आयता मिळतो. त्याची भुकेली पिल्लं रात्रभर फुसफुसतात, आणि त्या आवाजात उंच स्वरांचा भाग मोठा असतो. मुलाला ऐकू आलं, बापाला नाही, ते यामुळे.

या पक्ष्याच्या कानांची दोन भोकं एका पातळीत नसतात, एक वर, एक खाली. आवाज दोन्ही कानांत किंचित वेगळा पोचतो आणि त्या फरकावरून मिट्ट काळोखात उंदीर नेमका कुठे आहे ते घुबडाला कळतं. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सात गव्हाणी घुबडांच्या श्रवणचाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आवाज ऐकला की एका दांडीवरून दुसरीवर उडायचं, मग खाऊ मिळायचा. सर्वांत वयस्कर घुबड २३ वर्षांचं होतं, आणि त्याचेही कान तरुणच निघाले. पक्ष्यांच्या केशपेशी पुन्हा उगवतात! ज्या घरात बापाचे कान थकले आणि मुलाचे उद्या थकणार, त्याच घराच्या माळ्यावर म्हातारपण ठाऊक नसलेले कान राहतात.

माळ्यावर घुबडच आहे याची खात्री करायला दोघंही लागतात. कुठली फळी माणसाचं वजन पेलेल हे बापाला माहीत, फुसफुस कुठल्या कोपऱ्यातून येते हे मुलाला. वर चुन्यासारखे पांढरे ओघळ आणि करड्या केसांचे वाळके गोळे सापडतील. गोळा फोडला की आत उंदरांच्या कवट्या. पिल्लांना हात लावू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्यांना अभय आहे. दोनेक महिन्यांत ती उडू लागतात, तोवर माळ्याची डागडुजी थांबू शकते.